डिक्टेशनसाठी माईक कसा निवडायचा: खरेदी पाचव्या पायरीला, पहिल्या नाही

बोलून मराठी टाइप करणारे आता बरेच झालेत. वकील आहेत, अनुवादवाले आहेत, पीएचडीची पोरं आहेत, मनगट दुखतं म्हणून कीबोर्डला कंटाळलेले रिटायर्ड लोक आहेत, आणि सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच, "कुठला माईक घेऊ?" मग कुणीतरी व्हिडिओ बघून पाच हजारांचा चकचकीत माईक आणतं, मॉनिटरच्या बाजूला उभा करतं, डोक्यावर पंखा पाचवर, खिडकी उघडी, खाली रिडेव्हलपमेंटचं काम चालू, आणि आठवड्याने तक्रार येते की गूगलला मराठी समजत नाही. मराठी त्याला बऱ्यापैकी समजतं, पण त्याच्यापर्यंत पंखाच जास्त पोचतोय.

यात चूक माईकची कमी आणि क्रमाची जास्त असते. तोंडापासून माईक किती लांब आहे यावर बहुतेक निकाल ठरतो, ब्रँड आणि किंमत त्याच्या बऱ्याच मागे. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने करा, मधली गाळू नका. अर्ध्या लोकांना तिसऱ्या पायरीपर्यंत कळेल की नवीन काही घ्यायची गरजच नाहीये.

आधी तयारी

तीन गोष्टी जमवून ठेवा. एक, घरात पडलेला कुठलाही वायरचा इयरफोन, मोबाईलसोबत यायचा तो, माईकवाला. दोन, रेकॉर्डिंगचं साधं ॲप. विंडोजमधलं साउंड रेकॉर्डर चालेल, ऑडॅसिटी टाकलंत तर अजून बरं, फुकट आहे आणि आवाजाची पट्टी नीट दिसते. तीन, एक ठरलेला परिच्छेद, जो प्रत्येक वेळी तोच वाचायचा. मनाला येईल ते बोलून टेस्ट केली की दोन माईकची तुलनाच होत नाही. हा घ्या:

"शनिवारी सकाळी साडेसातची स्लो पकडून सासूबाई शीवला गेल्या. भाऊ बाहेर भाजी घ्यायला थांबला, पण फळवाल्याकडे फणस नव्हता. ठाण्याच्या वकिलांनी ॲफिडेव्हिटची झेरॉक्स मागितली, त्याचे तीनशे सत्तेचाळीस रुपये झाले. बाळूने डाळ शिजत ठेवली आणि तो खाली पाणी भरायला पळाला."

३७ शब्द आहेत. स-श, भ-ब, फ, ळ, आकडा, इंग्रजी शब्द, जिथे जिथे माईक फसतो ते सगळं यात मुद्दाम कोंबलंय. साहित्य म्हणून वाचू नका.

सॉफ्टवेअरही आधीच एक ठरवा आणि टेस्ट संपेपर्यंत तेच ठेवा. सोपं म्हणजे क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडायचं, टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग, भाषा मराठी. कीबोर्डवरून कंट्रोल, शिफ्ट आणि एस. विंडोजचं स्वतःचं हवं असेल तर विंडोजचं बटण आणि एच एकत्र दाबा, फक्त भाषांच्या यादीत मराठी आहे का ते बघून घ्या. पक्षकाराची किंवा पेशंटची माहिती बोलणार असाल तर आवाज इंटरनेटवर जातोय याचा विचार करा. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये काढलेलं व्हिस्पर हे बोलणं टाइप करणारं सॉफ्टवेअर आपल्याच कॉम्प्युटरवर चालवता येतं, मराठीही घेतं, पण त्याला जरा तगडी मशीन लागते आणि त्याचं मॉडेल, म्हणजे भाषा ओळखणारा भाग, छोटं घेतलंत तर मराठीची पार वाट लागते.

> थांबा: माईक आणि सॉफ्टवेअर दोन्ही एकाच दिवशी बदलू नका. सुधारणा झाली तर कशामुळे झाली ते कधीच कळणार नाही.

१. आहे त्या माईकवर रेकॉर्ड करा आणि कानाने ऐका

डिक्टेशन लगेच चालू करू नका, आधी नुसतं रेकॉर्डिंग. रोज जिथे बसता तिथेच बसा, रोजचा पंखा, रोजची खिडकी, काही आवरासावर करायची नाही. पहिली दहा सेकंद गप्प बसा आणि मग परिच्छेद वाचा. एकदा लॅपटॉपच्या माईकवर, एकदा इयरफोनचा माईक हातात धरून तोंडाच्या कोपऱ्याशी, तीनचार बोटं अंतरावर.

आता हेडफोन लावून दोन्ही ऐका. स्पीकरवर ऐकू नका, स्पीकरवर सगळंच छान वाटतं. गप्प बसलेल्या दहा सेकंदांत काय काय येतंय ते कागदावर लिहा: घर्रर्र असा एकसारखा आवाज, खालून हॉर्न, कबुतरं, शेजारची शिट्टी, बारीक गूं असा विजेचा आवाज. मग बोलण्याकडे लक्ष द्या. आवाज जवळून आल्यासारखा आहे की बाथरूममधून?

एकदा एका ओळखीच्या वकीलबाईंकडे हे केलं तर लॅपटॉपच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्या बोलण्याइतकाच मोठा आवाज लॅपटॉपच्या आतल्या पंख्याचा होता. माईक कीबोर्डच्या वर, पंखा त्याच्या चार बोटं बाजूला. तिथे सॉफ्टवेअर काय करणार!

> चेक: इयरफोनवालं रेकॉर्डिंग लॅपटॉपपेक्षा स्पष्ट ऐकू येतंय का? बहुतेक येतंच. येत असेल तर तुमचा प्रश्न अंतराचा आहे, आणि तो स्वस्तात सुटतो.

२. खोली आणि बसायची जागा

स्टुडिओ करायची काही गरज नाही. भिंतीला फोम चिकटवणं तर अजिबात नको, पातळ फोमने बाहेरचा आवाज थांबत नाही, फक्त खोलीतला प्रतिध्वनी थोडा कमी होतो, आणि पावसाळ्यात त्याला वास येतो तो वेगळा.

बघायचं ते एवढंच. पाठीमागे किंवा समोर उघडी टाइल्सची भिंत, काच, रिकामी खोली असेल तर आवाज घुमतो. कपाट, पडदा, गादी, पुस्तकांचं शेल्फ यांच्या जवळ टेबल सरकवा. वन बीएचकेमध्ये सगळ्यात बरी जागा बहुतेक बेडरूममध्ये, गादी आणि कपाटाच्या मधे असते. रस्त्याकडची खिडकी आणि किचन दोन्हीपासून लांब जमलं तर उत्तम, नाही जमलं तर किचनपासून लांब राहा, कारण रस्त्याचा आवाज एकसारखा असतो आणि सॉफ्टवेअर त्याला बऱ्यापैकी सांभाळून घेतं, पण कुकरची शिट्टी आणि शेजारचं बोलणं त्याला सांभाळता येत नाही. दुसऱ्याचं मराठी बोलणं तर ते इमानदारीत टाइपच करतं.

पंख्याचं जरा नीट समजून घ्या, इथे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत. पंख्याचा आवाज हा एक. पंख्याची हवा माईकवर आदळून होणारी फडफड हा दुसरा, आणि जास्त वाईट हाच. आवाज लांबून येतो, हवा थेट जाळीवर. मे महिन्यात पंखा बंद करून डिक्टेशन करा असं सांगणारा माणूस मुंबईचा नाही, त्यामुळे पंखा चालू राहणार हे धरूनच चला. खुर्ची पंख्याच्या बरोबर खालून थोडी बाजूला घ्या आणि माईकला स्पंजची टोपी लावा. एसीचा झोत तोंडावर येत असेल तर त्याची पट्टी वर करा.

> चेक: पहिल्या पायरीचं रेकॉर्डिंग नव्या जागी परत करा. गप्प दहा सेकंदं आधीपेक्षा शांत हवीत. नसतील तर अजून पैसे खर्च करू नका, आधी जागा.

३. माईकचा प्रकार ठरवा, म्हणजे खरं तर अंतर ठरवा

गणित सोपं आहे. अंतर दुप्पट झालं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) पडतो. तोंडापासून ५ सेंटीमीटरवरचा माईक ४० सेंटीमीटरवर नेला, म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झालं, की गेले १८ डेसिबल. पंखा मात्र होता तिथेच आहे, त्याचा आवाज दोन्ही ठिकाणी जवळपास तेवढाच. गेन (माईकचा आवाज मोठा करायची सेटिंग) वाढवून हे भरून निघत नाही, कारण गेन वाढवला की पंखाही तेवढाच वाढतो. मुद्दा हा आहे, बाकी सगळं यातूनच येतं.

आता एकेक प्रकार.

दांडीवाला हेडसेट. कॉल सेंटरवाले घालतात तो. दिसायला काही खास नाही, व्हिडिओत कुणी मिरवत नाही, पण मुंबईच्या घरात डिक्टेशनसाठी दहातल्या आठ लोकांना मी हाच सांगते. मान वळवा, मागे टेका, कागद बघायला वाका, माईक तोंडासोबत फिरतो, अंतर तेच राहतं. लॉजिटेक एच३९० किंवा जाब्रा इव्हॉल्व्ह २० असले यूएसबी हेडसेट या कामाला पुरतात. एका कानाचा मिळाला तर जरूर बघा, दुसरा कान दारावरच्या बेलला मोकळा राहतो आणि उन्हाळ्यात घाम निम्मा.

टेबलावरचा कंडेन्सर माईक. सुंदर आवाज, आणि सगळ्यात जास्त निराशा यानेच होते. हा माईक नाजूक कानाचा, खोलीतलं सगळं घेतो. घेतलाच असेल तर स्टँडवर नको, आर्मवर, म्हणजे टेबलाच्या कडेला अडकवायच्या दांडीवर लावा आणि तोंडापासून एक वीत अंतरावर आणा. स्टँडवर टेबलाला टेकून ठेवलात तर कीबोर्डचा प्रत्येक ठोका वर चढतो. त्याचा पॅटर्न कार्डिओइड ठेवा, म्हणजे समोरचं घेईल आणि पाठीमागचं बरंचसं सोडेल, मग माईकची पाठ खिडकीकडे किंवा आवाजाकडे करा. आणि कुठल्या बाजूने बोलायचं ते बघा! ब्लू येतीसारख्या माईकमध्ये बाजूने बोलायचं असतं, ब्रँडचं नाव असलेल्या बाजूने. आईस्क्रीमच्या कोनसारखं वरच्या टोकात बोलणारे कितीतरी आहेत, आणि त्यांचं म्हणणं असतं माईक खराब निघाला.

गाण्याच्या कार्यक्रमातला डायनॅमिक माईक. एसएम५८ वगैरे. गोंगाटात चांगला, पण जवळ धरावा लागतो आणि त्याला ऑडिओ इंटरफेस लागतो, म्हणजे माईक आणि कॉम्प्युटरच्या मधली डबी. एक्सएलआरपासून (या माईकची तीन पिनांची गोल जोडणी) साडेतीन एमएमची सरळ वायर लावून लॅपटॉपला जोडू नका, आवाज इतका बारीक येतो की काही कामाचा नाही. घरात कुणी गाणारं असेल, सगळं सामान आधीच असेल, तर वापरा. डिक्टेशनसाठी मुद्दाम घ्यायची गरज नाही.

कॉलरचा माईक. बोया बीवाय-एम१ खूप लोकांकडे लॉकडाऊनपासून पडलेला आहे. तो चारी बाजूंचं घेतो, त्यामुळे शांत खोलीत मस्त, पंख्याखाली मध्यम. त्याच्या वायरीवर एक छोटी डबी आणि बटण आहे, एकीकडे कॅमेरा, एकीकडे फोन. लॅपटॉपच्या एकत्र जॅकला (माईक आणि हेडफोनचं एकच भोक) लावताना ते फोनच्या बाजूला हवं. कॅमेऱ्यावर राहिलं तर आतला छोटा सेल उतरत राहतो, आणि सेल संपल्यावर लोक माईकच फेकून देतात. रील्सवाले वायरलेस कॉलर माईकही चालतात, पण त्यांची नॉइज रिडक्शन बंद करा, ती शब्दांची टोकं खाते.

कानातले ब्लूटूथ बड्स. याचं पुढच्या पायरीत.

बॉक्सवर १९२ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतो ते) लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. व्हिस्पर कुठलंही रेकॉर्डिंग आधी १६ किलोहर्ट्झ मोनोवर आणतं आणि मग ऐकतं. त्याच्या वरचं सगळं गाणंबजावणं करणाऱ्यांसाठी.

> थांबा: हेडफोनच्या बॉक्सवर "नॉइज कॅन्सलेशन" असतं ते बहुतेक वेळा तुमच्या कानासाठी असतं, एएनसी. तुम्हाला शांत वाटतं, समोरच्याला किंवा सॉफ्टवेअरला काही फरक नाही. माईकच्या नावापुढे तसं वेगळं लिहिलंय का ते बघा.

४. जोडायचं कशाने

यूएसबी घ्या. वाद नको.

कारण सांगते. यूएसबी हेडसेटमध्ये त्याचं स्वतःचं छोटं साउंड कार्ड असतं, लॅपटॉपच्या आतल्या विजेच्या गडबडीपासून आवाज लांब राहतो, आणि कॉम्प्युटर बदलला तरी आवाज तोच राहतो. लावताना थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये लावा. ज्या हबवर हार्ड डिस्क आणि प्रिंटर आहेत त्यात नको.

साडेतीन एमएमचा जॅक असेल तर पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघा असतील तर माईक आणि हेडफोन एकाच पिनेत आहे, लॅपटॉपच्या एकत्र जॅकला चालेल. पण डेस्कटॉपला मागे गुलाबी आणि हिरवं अशी दोन वेगळी भोकं असतात, तिथे ही पिन गुलाबीत घातली की माईक चालत नाही किंवा नुसतं गूं येतं. त्यासाठी माईक आणि हेडफोन वेगळे करणारा स्प्लिटर लागतो. दुकानात त्याच्यासारखाच दिसणारा दोन हेडफोनचा स्प्लिटर मिळतो, दोन जणांनी एकत्र गाणी ऐकायचा, तो चुकून आणू नका. माईकवाल्याच्या एका टोकावर माईकचं चित्र असतं.

ब्लूटूथ. बड्सवर गाणं इतकं छान वाजतं मग डिक्टेशन का बिघडतं, हा प्रश्न सारखा येतो. गाणं ऐकताना ब्लूटूथ एका मोडमध्ये असतं, माईक चालू झाला की ते कॉलच्या मोडमध्ये जातं. त्यात जुन्या पद्धतीने ८ किलोहर्ट्झ आणि बऱ्या पद्धतीने १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग होतं. सॅम्पलिंगच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणून ८ असेल तर ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं, आणि "स"च्या आवाजाचा बराचसा भाग नेमका तिथेच असतो. म्हणून सासूबाईंचं काहीही होतं. माईक चालू करताच कानातलं गाणं एकदम डबड्यासारखं झालं तर समजा मोड बदलला. शिवाय बड्सचा माईक कानाशी असतो, तोंडाशी नाही. अगदीच वायर नको असेल तर स्वतःचा यूएसबी डोंगल (कॉम्प्युटरला लावायची छोटी पिन) असलेला, दांडीचा वायरलेस हेडसेट बघा.

> चेक: रेकॉर्डिंगमध्ये बारीक गूं येतंय? लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर तेच रेकॉर्ड करा. गूं गेलं तर माईक निर्दोष आहे, ती ५० हर्ट्झची वीज आहे. तीन पिनेचा चार्जर आणि अर्थिंग असलेला सॉकेट वापरा. जुन्या इमारतीत अर्थिंगची पिन नुसती शोभेला असते, इलेक्ट्रिशियनला एकदा दाखवा, ते डिक्टेशनपुरतं नाहीच.

५. आता खरेदी

मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेकडे चालत जा, रविवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. स्वतःचा लॅपटॉप सोबत न्या. दुकानदार त्याच्या मशीनवर हॅलो हॅलो करून दाखवेल, ते ऐकून काही कळत नाही. तुमच्या लॅपटॉपला लावून तुमचा परिच्छेद रेकॉर्ड करून द्या म्हणा, लाजू नका, तिथला गोंगाट ही फुकटची परीक्षा आहे. दुकानात रस्त्याचा आवाज मागे राहून तुमचं बोलणं पुढे आलं तर घरी नक्की येईल. जीएसटीचं बिल घ्या, वॉरंटी कंपनीची की दुकानाची ते विचारा.

ऑनलाइन घेणार असाल तर बदलून मिळायची मुदत बघा आणि आल्याच दिवशी सहावी ते नववी पायरी उरका. बॉक्स शनिवारपर्यंत तसाच पडून राहिला की मुदत जाते.

फोटोत दांडी दिसतेय का ते मोठं करून बघा. "विथ माईक" म्हणजे कधीकधी वायरीवर छातीपाशी लोंबकळणारा ठिपका असतो, शर्टाला घासत राहतो. कानाच्या गाद्या रेक्झिनच्या असतील तर आपल्या हवेत त्यांचे काळे पापुद्रे गालाला लागायला लागतात, कापडी किंवा बदलता येणाऱ्या गाद्या बघा.

६. कॉम्प्युटरला सांगा कुठला माईक, सगळीकडे

नवा हेडसेट लावला आणि डिक्टेशनमध्ये काहीच फरक नाही? निम्म्या वेळा कॉम्प्युटर अजून लॅपटॉपचाच माईक ऐकत असतो. निवड एका जागी करून भागत नाही.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड, तिथे इनपुटमध्ये हेडसेट निवडा. प्रायव्हसीमध्ये मायक्रोफोनची परवानगी चालू आहे का बघा. मग क्रोम. क्रोमची स्वतःची वेगळी निवड असते: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, मायक्रोफोन, तिथे वरच्या यादीत हेडसेट हवा. मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमध्ये साउंडचा इनपुट, आणि प्रायव्हसीत ब्राउझरला मायक्रोफोनची परवानगी.

नखाने टकटक करून बघायची युक्ती बेस्ट आहे. डिक्टेशनऐवजी रेकॉर्डिंग चालू करा, हेडसेटच्या माईकवर हलकं टकटक करा, मग लॅपटॉपच्या कडेवर. कुठल्या टकटकीला पट्टी जोरात उडते? तोच माईक चालू आहे.

मग त्याच माईकच्या प्रॉपर्टीजमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद करा. हेडसेट स्वतः आवाज साफ करतो, विंडोज परत साफ करतं, वर एखादं नॉइजवालं ॲप, आणि तिघांनी मिळून शब्दाच्या सुरुवातीचा "ह" आणि शेवटचा "त" पुसलेला असतो. कानाला गोड लागतं, सॉफ्टवेअरला कळत नाही. एकच सफाई ठेवा, शक्यतो हेडसेटमधलीच.

> थांबा: झूममध्ये माईकचा आवाज आपोआप कमीजास्त करायचा पर्याय चालू असेल तर मीटिंगनंतर तुमची लेव्हल बदललेली सापडू शकते. तो बंद करा.

७. माईक तोंडापाशी कुठे

तोंडाच्या समोर नको. ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, गालापासून जरासा सुटा, ओठांपासून दोन बोटं. समोर ठेवला की भ, फ, प, ध म्हणताना सुटणारी हवा थेट जाळीवर बसते आणि "भाऊ"च्या जागी नुसता धप्प येतो. नाकाखालीही नको, श्वास रेकॉर्ड होतो आणि व्हिस्परसारखी सॉफ्टवेअर श्वासातून आणि शांततेतून आपल्या मनाने वाक्यं काढतात. न बोललेलं वाक्य कागदावर आलं तर घाबरू नका, गप्प बसताना रेकॉर्डिंग थांबवत जा.

दांडी कुठल्या बाजूला फिरते ते बघा, काही हेडसेटमध्ये माईकच्या आतल्या बाजूलाच भोक असतं. ती बाजू तोंडाकडे हवी. उलटी घातली की माईक खोली ऐकतो.

जागा ठरली की हात लावायचा नाही. पाणी पिताना दांडी वर केली तर परत दोन बोटं मोजून खाली.

८. लेव्हल, पण जागा ठरल्यावरच

लोक आधी लेव्हल लावतात आणि मग माईक हलवतात, मग परत लेव्हल, असं फिरत बसतात. माईक जागेवर ठेवा, रोजच्या आवाजात बोला, सभेत बोलल्यासारखं नाही, आणि ऑडॅसिटीच्या पट्टीत मोठ्यातले मोठे ठोके उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे येतील असं विंडोजचं इनपुट व्हॉल्यूम करा. शून्याला टेकलं तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. उणे ३० ला रेंगाळत असेल तर आधी अंतर तपासा, मग व्हॉल्यूम वाढवा.

मायक्रोफोन बूस्ट नावाची पट्टी जुन्या जॅकवाल्या माईकला असते. ती शेवटचा उपाय, पंखा पण बूस्ट होतो.

> चेक: "फळवाल्याकडे फणस नव्हता" तीनदा वाचा, शेवटच्या वेळी जरा चिडून. चिडल्यावरही पट्टी शून्याला लागत नसेल तर लेव्हल बरोबर.

९. परिच्छेद बोला आणि चुका वाचा

आता डिक्टेशन चालू. परिच्छेद बोला, मधे थांबून दुरुस्त करू नका, शेवटी चुकलेले शब्द मोजा. तीन वेळा करा. विरामचिन्हं मोजू नका, गूगल डॉक्समध्ये मराठीला ती हातानेच टाकावी लागतील असं धरून चला. आकडा अक्षरात आला की अंकात, तेही सोडा.

किती चुकलं यापेक्षा काय चुकलं ते जास्त सांगतं.

सकाळी, सासूबाई, शीव इथे गोंधळ आणि बाकी ठीक: वरचे आवाज कापले जातायत. ब्लूटूथ असेल तर तेच कारण, नसेल तर नॉइज सफाई दोनदा होतेय.

भाऊ, भाजी, फणस चुकले: हवा लागतेय. माईक अजून बाजूला, स्पंजची टोपी.

प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द गायब: माईकला जाग यायला वेळ लागतोय किंवा तुम्ही बटण दाबता दाबता बोलताय. चिन्ह लाल झाल्यावर एक श्वास घेऊन सुरू करा.

मधले मधले शब्द गळतात, कधी हा कधी तो: लेव्हल कमी किंवा खोलीचा आवाज जास्त. पहिल्या पायरीचं दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग नव्या माईकवर परत ऐका.

ॲफिडेव्हिट, झेरॉक्स आणि नावंच फक्त चुकतात: माईक पास झाला. हे भाषेच्या मॉडेलचं काम आहे, महागडा माईक आणून ते सुधारणार नाही, तो विचार इथेच सोडा. नेहमी लागणारे शब्द शोधून-बदलून एकगठ्ठा दुरुस्त करा.

सगळं मधेच बंद पडतं: गूगल डॉक्सचा टॅब सोडून दुसरीकडे गेलात की ते ऐकणं थांबवतं. संदर्भ बघायचा असेल तर मोबाईलवर किंवा कागदावर.

बोलताना तुकडे करू नका. एक... एक... शब्द... सुटा... बोललं की मॉडेलला आजूबाजूचा संदर्भ मिळत नाही आणि चुका वाढतात. वाक्य मनात पूर्ण करा आणि बातम्या देणाऱ्याच्या वेगाने एका दमात बोला.

१०. पावसाळा आणि नंतर

जून ते सप्टेंबर माईक टेबलावर उघडा ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या दोनचार पुड्या, बुटांच्या खोक्यातल्या चालतात. कंडेन्सर माईक असेल तर हे नक्कीच करा, दमट हवेत त्यातून चुरचुर यायला लागते. स्पंजची टोपी महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत चढवू नका, ओल्या टोपीतून आवाज उशी धरून बोलल्यासारखा येतो.

आणि तो परिच्छेद कॉम्प्युटरवर एका फाइलमध्ये ठेवून द्या, शेजारी तुमचं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग. विंडोजचा मोठा अपडेट आला, नवीन मॉनिटर लावला, वेबकॅम जोडला, की इनपुट गुपचूप बदललेलं असू शकतं, कारण वेबकॅममध्येही माईक असतो. डिक्टेशन अचानक बिघडलं तर नवीन माईक शोधायच्या आधी सहाव्या पायरीतली टकटक करून बघा.